सर्फबोर्डला फिन्स कोणत्या आणि कशा लावायच्या? नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने

सर्फिंग सुरू करून सहा महिने झाले होते तेव्हा मी पहिला स्वतःचा बोर्ड घेतला. जुना, कुणीतरी वापरलेला. फिन्स, म्हणजे बोर्डच्या तळाला मागच्या बाजूला बसणारी छोटी पाती, वेगळ्या पिशवीत मिळाल्या होत्या, त्या मी घरी बसून अंदाजाने लावल्या. पुढचे तीन आठवडे प्रत्येक लाटेवर तेच व्हायचं: उभी राहायचे, वळायला कड दाबायचे आणि शेपटी, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, पायाखालून निसटायची. आधी वाटलं माझे पाय चुकतायत, मग वाटलं बोर्डच वाईट. शेवटी एका अनुभवी सर्फरने किनाऱ्यावर बोर्ड उलटा करून पाहिला आणि सांगितलं, डावी फिन उजवीकडे बसलीय आणि उजवी डावीकडे. अदलाबदल करायला दहा मिनिटं लागली. त्याच दुपारी त्याच बोर्डवर माझं पहिलं धड वळण निघालं.

ते तीन आठवडे तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बोर्ड नीट चालत नाही असं वाटलं की नवा बोर्ड शोधायला लागू नका. आधी फिन्स बघा. आणि बदल करायचा तर एका वेळी एकच करा, म्हणजे काय बदलल्याने काय झालं ते कळेल.

१. बोर्ड उलटा करा आणि बॉक्स ओळखा

फिन विकत घेण्याआधीचं हे काम आहे, आणि बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत. फिन ज्या खाचेत बसते तिला बॉक्स किंवा प्लग म्हणतात. एका पद्धतीच्या बॉक्समध्ये दुसऱ्या पद्धतीची फिन बसत नाही. नेहमी दिसणारे प्रकार असे:

*दोन छोट्या खाचा, प्रत्येकीत एक बारीक स्क्रू.* ही एफसीएस या कंपनीची जुनी पद्धत. फिनच्या बुडाला दोन वेगळ्या जिभा असतात.

*एकच लांबट खाच, कडेला स्क्रू असेल किंवा नसेल.* ही एफसीएस टू. हिच्या फिन्स दाबून बसवायच्या असतात, स्क्रू लागतोच असं नाही. जुन्या एफसीएसच्या फिन्स या बॉक्समध्ये छोटे जोडतुकडे घालून बसवता येतात. उलट मात्र चालत नाही: एफसीएस टूची फिन जुन्या दोन खाचांच्या प्लगमध्ये जात नाही. सेकंडहँड फिन्स घेताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

*एकच लांब, सरळ, अरुंद खाच आणि पुढच्या टोकाला एक स्क्रू.* ही फ्यूचर्स या कंपनीची पद्धत. फिनचं बूड सलग असतं.

*शेपटीच्या मधोमध जवळजवळ वीतभर लांब खाच.* लाँगबोर्डवर आणि एका फिनच्या बोर्डवर हीच असते. साधारण साडेदहा इंच लांबीची. हिच्यात फिन पुढे-मागे सरकवता येते, त्यामुळे शिकणाऱ्याला हिच्याइतका चांगला गुरू नाही.

*बॉक्सच नाही, फिन थेट फायबरग्लासने चिकटवलेली.* मग निवडीचा प्रश्नच संपला. तुटली तर दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्या.

*मऊ फोमचा शिकाऊ बोर्ड.* यात बहुधा बोर्डच्या आरपार वरून स्क्रू घालून प्लास्टिकच्या फिन्स घट्ट केलेल्या असतात. त्या लवचीक आणि बोथट असतात, आणि शिकताना तेच हवं. त्या बदलायची घाई करू नका.

बॉक्सचा फोटो फोनमध्ये ठेवा. दुकानात तोंडी वर्णन करण्यापेक्षा फोटो दाखवलेला बरा.

२. फिन नेमकं करते काय, ते समजून घ्या

हा भाग गाळून पुढे जावंसं वाटेल, पण जाऊ नका. हा कळला की बाकी सगळं पाठ करावं लागत नाही.

फिन म्हणजे सुकाणू नव्हे, कारण ती हलत नाही. ती पाण्यातला पंख आहे. पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहतं. वळताना बोर्ड किंचित तिरका झाला की फिनही पाण्याला तिरकी होते, मग तिच्या एका बाजूला दाब वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो आणि फिन आडवी ढकलली जाते. हेच बल शेपटीला लाटेत धरून ठेवतं. फिनशिवाय बोर्ड ओल्या फरशीवरच्या साबणासारखा कुठेही सरकतो. तिरकेपणा फार वाढला तर पाणी फिनला चिकटून वाहणं सोडून देतं आणि पकड हळूहळू नाही, एकदम सुटते. वळताना शेपटी अचानक गेली असं जे वाटतं, ते हेच.

आता फिनचे अवयव. प्रत्येक शब्दामागे एक अनुभव आहे, तो लक्षात ठेवा.

बूड, म्हणजे बेस: बोर्डला टेकणारी लांबी. बूड लांब असेल तर वळणातून बाहेर पडताना बोर्ड जोराने पुढे झेपावतो. बूड आखूड असेल तर वळणं छोटी आणि चटकन होतात.

खोली: बोर्डपासून फिनच्या टोकापर्यंतचं अंतर. पकड मुख्यतः हिच्यावर ठरते. खोल फिन सुटत नाही, उथळ फिन लवकर निसटते.

मागे झुकाव, म्हणजे रेक: फिनचं टोक बुडाच्या किती मागे गेलंय ते. खूप मागे झुकलेली फिन लांब, मोठी, डौलदार वळणं देते. उभी फिन जागच्या जागी वळते. पहिल्यांदा फिन हातात घेतली की मी आधी हेच बघते, कारण आकड्यांशिवाय नुसत्या डोळ्यांना कळतं.

छेद, म्हणजे फॉइल: फिन आडवी कापली तर दिसेल तो आकार. मधली फिन दोन्ही बाजूंनी सारखी फुगीर असते. बाजूच्या फिन्स आतून सपाट किंवा किंचित खोलगट आणि बाहेरून फुगीर असतात. हे वाक्य दोनदा वाचा. माझे तीन आठवडे याच वाक्यापायी गेले.

बाहेर झुकाव, म्हणजे कँट: बाजूच्या फिन्स सरळ खाली नसतात, रेलच्या, म्हणजे बोर्डच्या कडेच्या, दिशेने थोड्या बाहेर कललेल्या असतात. साधारण सहा अंशांच्या आसपास. जास्त कलंडल्या तर बोर्ड वळणात चपळ होतो, कमी कलंडल्या तर सरळ रेषेत वेगवान. मधल्या फिनला कँट नसतो.

आत रोख, म्हणजे टो-इन: बाजूच्या फिन्सची पुढची टोकं मागच्या टोकांपेक्षा बोर्डच्या मध्यरेषेकडे जरा जवळ असतात. दोन्ही फिन्स बोर्डच्या नाकाकडे बोट दाखवतायत असं दिसतं. या रोखामुळे तुम्ही कड दाबलीत की त्या बाजूची फिन लगेच काम करू लागते. तोच रोख जास्त झाला तर सरळ जाताना पाणी अडतं.

लवचीकता: टोकाकडे फिन किती वाकते ते. स्वस्त प्लास्टिकच्या फिन्स बुडापासूनच वाकतात, म्हणून वेगात त्या डळमळीत वाटतात. फायबरग्लासच्या फिन्स कडक असतात. आतून मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असलेल्या फिन्स हलक्या असतात. कार्बनचा वापर बुडाला कडकपणा आणण्यासाठी होतो. १९६० च्या दशकात अमेरिकन सर्फर जॉर्ज ग्रीनो यांनी वेगवान माशांच्या शेपटीकडे पाहून अरुंद, मागे झुकलेल्या, टोकाला लवणाऱ्या फिन्स बनवल्या. आज आपण जिला साधी फिन म्हणतो तिच्या आकारात ती कल्पना अजून आहे.

३. किती फिन्स लावायच्या ते ठरवा

बोर्डवर जितके बॉक्स आहेत तितकीच निवड. पाच बॉक्स असतील तर तीन किंवा चार फिन्स, दोन्ही शक्य आहेत.

एक फिन. सर्फबोर्डला पहिली फिन अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांनी १९३५ मध्ये हवाईत लावली, स्पीडबोटीच्या तळाचा तुकडा वापरून. त्याआधी लोक मागचा पाय पाण्यात घालून बोर्ड वळवत. एक फिन संथ, स्थिर असते आणि सरळ रेषेत छान चालते. वळण मागायला वेळ लागतो, पण मिळालं की लांबलचक मिळतं. लाँगबोर्डला हीच शोभते.

दोन फिन्स, म्हणजे ट्विन. वेग भरपूर, कारण मध्ये पाणी अडवणारं काही नाही. छोट्या, मऊ लाटांवर मजा येते. ऑस्ट्रेलियाचे मार्क रिचर्ड्स यांनी १९७९ ते १९८२ सलग चार जागतिक अजिंक्यपदं दोन फिन्सच्या बोर्डवर मिळवली, म्हणजे हा प्रकार नुसता गमतीचा नव्हे. पण उभ्या, मोठ्या लाटेवर शेपटी सुटते आणि नवशिक्याला ते सावरता येत नाही.

तीन फिन्स, म्हणजे थ्रस्टर. नेमकी हीच सुटणारी शेपटी ऑस्ट्रेलियाचेच सर्फर सायमन अँडरसन यांना सतावत होती. १९८० मध्ये त्यांनी जवळपास सारख्या मापाच्या तीन फिन्स लावलेला बोर्ड बनवला आणि १९८१ ची ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा त्याच्यावर जिंकली. नंतर शॉर्टबोर्डच्या जगात हीच रचना रूढ झाली. वेग, पकड आणि वळण यांचा मेळ हिच्यात सगळ्यात चांगला बसतो. तुमचा पहिला बोर्ड तीन बॉक्सचा असेल तर निवांत राहा, तुमच्याकडे योग्य गोष्ट आहे.

चार फिन्स, म्हणजे क्वाड. मध्ये फिन नाही, बाजूला दोन-दोन. वेग मिळतो आणि पोकळ लाटेच्या उभ्या भिंतीवर पकडही राहते, कारण लाटेकडच्या बाजूच्या दोन्ही फिन्स पाण्यात रुतलेल्या असतात. लाटेच्या माथ्याकडे सरळ उभं वळायला मात्र थ्रस्टर सोपा.

एक अधिक दोन. मध्ये मोठी फिन, बाजूला छोट्या दोन. लाँगबोर्डवर आणि मधल्या लांबीच्या बोर्डवर दिसते. लाटा जोरदार असतील तर बाजूच्या लावा, संथ असतील तर काढून ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष थ्रस्टर किंवा लाँगबोर्डची एक फिन, यापलीकडे जाऊ नका. क्वाड आणि ट्विनमधला फरक जाणवायला आधी थ्रस्टर पायात मुरावा लागतो.

४. माप ठरवा: आधी वजन, मग लाट

थ्रस्टरच्या संचावर एस, एम, एल अशी मापं छापलेली असतात. ती सर्फरच्या वजनावरून ठरतात, बोर्डच्या लांबीवरून नाही. साधारण हिशोब असा:

- ५५ किलोपर्यंत: एक्सएस
- ५५ ते ७० किलो: एस
- ६५ ते ८० किलो: एम
- ७५ ते ९० किलो: एल
- ८५ किलोच्या वर: एक्सएल

आकडे एकमेकांत घुसतात ते मुद्दाम. तुमचं वजन ६८ किलो असेल तर एस आणि एम दोन्ही तुमच्या आहेत. मोठ्या, ताकदवान लाटा किंवा रुंद शेपटीचा बोर्ड असेल तर मोठं माप घ्या. छोट्या लाटा, अरुंद शेपटी, आणि वळणं जड वाटत असतील तर छोटं. नवशिक्यांना मी मोठ्याकडेच झुकायला सांगते: पकड जास्त झाली तर वळण थोडं उशिरा होईल, कमी झाली तर तुम्ही पडाल.

एका कंपनीचा एम म्हणजे दुसऱ्या कंपनीचा एम नव्हे. अक्षर बघून थांबू नका, पाकिटावरचे बुडाचे आणि खोलीचे आकडे ताडून बघा. मध्यम फिनचं बूड आणि खोली दोन्ही साडेचार इंचांच्या आगेमागे, म्हणजे अकरा-साडेअकरा सेंटिमीटर असतात.

एका फिनच्या बोर्डसाठी जुना आडाखा आहे: बोर्ड जितके फूट, फिन तितके इंच. नऊ फुटी बोर्डला नऊ इंची फिन. तिथून सुरुवात करा, जड वाटली तर अर्धा-एक इंच कमी करा. बाजूला छोट्या फिन्स लावणार असाल तर मधली बरीच लहान घ्यावी लागते, नऊ फुटी बोर्डला सात इंचांच्या आसपास.

आकाराबद्दल एवढंच: पहिला संच सर्वसाधारण, मध्यम झुकावाचा, फायबरग्लासचा किंवा जाळीच्या गाभ्याचा घ्या. नामांकित सर्फरचं नाव छापलेल्या फिन्स त्याच्या वजनाच्या आणि त्याच्या लाटांच्या असतात.

५. सामान जमवा

- तुमच्या बॉक्सला बसणारा फिनचा संच
- ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची किल्ली. एफसीएस आणि फ्यूचर्स दोन्हींच्या बारीक स्क्रूंना ३/३२ इंची लागते. घरातली मिलिमीटरची की जवळपास बसल्यासारखी वाटते आणि स्क्रूचं भोक गोल करून टाकते.
- लांब बॉक्ससाठी चौकोनी पातळ चकती, तिचा स्क्रू आणि त्याला बसणारा स्क्रू ड्रायव्हर
- जादा स्क्रू, किमान दोन-तीन
- जुना टूथब्रश, बॉक्समधली वाळू काढायला
- जुना टॉवेल, बोर्ड त्यावर उलटा ठेवायला
- बारीक पॉलिश पेपरचा तुकडा
- मोजपट्टी आणि पेन्सिल

की आणि स्क्रू एका छोट्या डबीत घालून बोर्डच्या पिशवीतच ठेवा. घरात ठेवलेली की किनाऱ्यावर कधीच कामाला येत नाही.

६. फिन्स बसवा

हे काम घरी करा, वाळूत नको. वाळूत पडलेला स्क्रू सापडत नाही.

आधी टूथब्रशने बॉक्स साफ करा. मग फिन्स जमिनीवर ओळीने मांडा: दोन्ही बाजूंनी फुगीर असलेली ती मधली, बाकी दोन बाजूच्या. बाजूची फिन हातात घेऊन ताडा: सपाट बाजू आत, मध्यरेषेकडे, फुगीर बाजू बाहेर, रेलकडे, टोक मागे, शेपटीकडे. तिन्ही एकदम जुळलं तरच ती फिन त्या बाजूची.

*जुनी एफसीएस:* बॉक्समधले स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. फिनच्या जिभा सरळ खाली दाबा, बूड बोर्डला टेकू द्या आणि मग दोन्ही स्क्रू आलटून पालटून घट्ट करा.

*एफसीएस टू:* पुढची जीभ आधी तिरकी आत घाला, मग फिनच्या मागच्या भागावर तळव्याने खाली दाबा. बसल्याचं हाताला कळतं. काढताना मागची बाजू उचलून फिन पुढच्या दिशेने फिरवा. पातळ मागची धार मुठीत धरू नका, हात कापतो. टॉवेल गुंडाळा.

*फ्यूचर्स:* बुडाची मागची बाजू आधी आत सरकवा, मग पुढचा भाग खाली दाबा आणि पुढचा एकमेव स्क्रू घट्ट करा.

*लांब बॉक्स:* इथे सगळे अडखळतात, म्हणून सावकाश. खाचेच्या मध्यावर एक रुंद तोंड असतं. चकतीला स्क्रू थोडासा लावा, स्क्रूला धरून चकती त्या तोंडातून आत सोडा आणि पुढे सरकवा. स्क्रू काढून घ्या. आता फिनच्या बुडाच्या मागच्या टोकाला असलेली आडवी पिन त्याच तोंडातून आत घाला आणि फिन मागे सरकवा. पुढची बाजू खाली बसवा, तिच्या भोकातून स्क्रू चकतीत घाला. जागा ठरेपर्यंत पूर्ण आवळू नका.

स्क्रू किती घट्ट? दोन बोटांच्या जोराने फिरायचा थांबला की पुरे. त्यापुढे जोर लावलात तर आटे जातात आणि मग स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. फिन धरून हलवून बघा: बोर्ड हलला पाहिजे, फिन नाही.

शेवटची तपासणी. बोर्ड उलटाच ठेवून मागे उभ्या राहा आणि शेपटीकडून नाकाकडे बघा. बाजूच्या फिन्स V अक्षरासारख्या वर बाहेरच्या बाजूला उघडलेल्या दिसल्या पाहिजेत, आणि त्यांची पुढची टोकं एकमेकींच्या जरा जवळ. कुठलीही फिन आतल्या बाजूला कललेली दिसली तर थांबा, बाजू चुकली आहे.

७. जागा: फिन पुढे की मागे

पक्क्या बॉक्सच्या बोर्डवर हा निर्णय बनवणाऱ्याने घेतलेला असतो. लांब बॉक्सवर तो रोज तुमचा असतो.

फिन मागे म्हणजे शेपटी जास्त धरलेली, बोर्ड सरळ, स्थिर, वळायला जड. फिन पुढे म्हणजे बोर्ड मोकळा, वळायला हलका, पण शेपटी सुटण्याची शक्यता जास्त. पहिल्या दिवशी बरोबर मध्ये ठेवा. बॉक्सच्या कडेला पेन्सिलीने खूण करा. पुढच्या वेळी एक सेंटिमीटर पुढे किंवा मागे सरकवा. एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पायाखाली तो स्पष्ट कळतो.

बोर्डच्या नाकावर चालत जाऊन उभं राहायचं असेल तर फिन मागे आणि उभट, रुंद घ्या. तुम्ही पुढे गेल्यावर शेपटी लाटेत दाबून धरायचं काम तिचंच.

थ्रस्टरमध्येही थोडी जागा आहे. मधली फिन बाजूच्यांपेक्षा जरा लहान लावलीत तर शेपटी मोकळी होते. नवा संच न घेता करता येणारा हा सगळ्यात सोपा प्रयोग.

८. स्वतः बोर्ड बनवत असाल तर

बॉक्स बसवायला राउटर, म्हणजे खाच कोरायचं यंत्र, चालवावा लागतो, तिथे जाणकार शेजारी हवाच. पण खुणा तुम्ही करू शकता, आणि खुणा केल्या की दुसऱ्यांचे बोर्ड वाचता येतात.

सहा फुटांच्या आसपासच्या थ्रस्टरची नेहमीची मापं: मधल्या फिनची मागची कड शेपटीच्या टोकापासून तीन ते साडेतीन इंचांवर. बाजूच्या फिन्सची मागची कड साधारण अकरा इंचांवर, आणि रेलपासून आत इंच-सव्वा इंच. आत रोख सुमारे पाव इंच, म्हणजे बाजूच्या फिनचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा मध्यरेषेकडे सहा मिलिमीटर जवळ.

माशासारखी दुभंगलेली शेपटी असेल तर मोजायचं कुठून? मधल्या खाचेपासून नाही. दोन्ही टोकं जोडणारी रेषा कल्पा आणि तिथून मोजा. मोजताना स्ट्रिंगर, म्हणजे बोर्डच्या मधोमध जाणारी लाकडी पट्टी, हीच तुमची मध्यरेषा. डावीकडचं प्रत्येक माप उजवीकडे पुन्हा घ्या, आणि मग नाकापासून दोन्ही फिन्सच्या पुढच्या टोकांपर्यंतची तिरकी अंतरं ताडा. ती सारखी आली नाहीत तर खुणा पुसून परत सुरू करा. माप इंचभर इकडेतिकडे चाललं तरी बोर्ड चालतो; दोन बाजू एकमेकींशी जुळल्या नाहीत तर तो आयुष्यभर एकीकडे ओढत राहतो.

९. पाण्यात पारख करा

एका लाटेवरून मत बनवू नका. एकच संच, एकच जागा, किमान तीन वेळा पाण्यात. बाहेर आल्यावर वहीत दोन ओळी लिहा: लाट कशी होती, शेपटी सुटली का, वळण जड होतं का. माझ्या वहीत पहिल्या वर्षाच्या अशा चाळीसेक नोंदी आहेत आणि मी अजून त्या उघडून बघते.

- वळताना शेपटी निसटते: फिन मोठी करा, किंवा एक फिन असेल तर मागे सरकवा.
- बोर्ड वळतच नाही: फिन लहान करा, किंवा पुढे सरकवा. त्याआधी मागचा पाय खरंच फिन्सच्या वर येतोय का ते बघा. बहुतेकदा पायच पुढे राहिलेला असतो.
- वळण चांगलं, पण बाहेर पडताना वेग मरतो: बूड लांब किंवा फिन कडक हवी.
- एका बाजूला वळतो, दुसऱ्या बाजूला नाही: एखादी फिन सैल किंवा उलटी आहे. पाण्यातून बाहेर या आणि तपासा.
- वेगात फिन गुणगुणते: मागच्या धारेवरची कंपनं आहेत. पॉलिश पेपर त्या धारेच्या एका बाजूवर हलकेच फिरवा.

१०. इजा आणि निगा

फिन्सनी खोल जखमा होतात. नव्या फिनची मागची धार बोट फिरवून बघा. टोचत असेल तर बारीक पॉलिश पेपरने कड मोडा. पडल्यावर वर येताना दोन्ही हात डोक्यावर घ्या, कारण बोर्ड कुठे आहे ते तुम्हाला दिसत नसतं. लाट आणि तुम्ही यांच्या मध्ये बोर्ड कधीही येऊ देऊ नका. किनाऱ्याकडे परतताना पाणी कमरेइतकं असतानाच उतरा. उथळात फिन वाळूत रुतली की बोर्ड जागीच थांबतो, तुम्ही पुढे फेकले जाता आणि बॉक्सला तडा जातो.

तडा गेलेल्या बॉक्सवर "आजचा दिवस काढू" असं म्हणू नका. त्यातून पाणी आतल्या फोममध्ये शिरतं, आणि तासाभराची दुरुस्ती मोठी होऊन बसते. बॉक्सच्या भोवती केसासारखी रेघ दिसते का, अंगठ्याने दाबल्यावर पाणी पाझरतं का, हे दर वेळी बघा.

गाडीच्या टपावर बोर्ड नेताना शेपटी पुढे आणि फिन्स वर ठेवा. पट्टा फिन्सच्या मागून घेतला की बोर्ड मागे सरकू शकत नाही. लांबच्या प्रवासात, विशेषतः विमानाने जाताना, फिन्स काढून वेगळ्या गुंडाळा.

खारं पाणी स्क्रूला खातं. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने फिन्स आणि बॉक्स धुवा, आणि महिन्यातून एकदा फिन्स काढून स्क्रू फिरवून परत लावा. वर्षभर न हललेला स्क्रू बाहेर काढताना त्याचं भोक हमखास जातं. तसा स्क्रू अडकलाच तर आधी गरम पाणी सोडा, थोडा वेळ थांबा, की पूर्ण खोल बसवा आणि मग एकाच ठाम, सावकाश जोराने फिरवा.